पहारेकऱ्याचें वेतन

भोर आणि वेल्हें हे पुणें जिल्ह्यांतील दोन डोंगरी मुलूख. वेल्ह्यांत राजगड आणि तोरणा, भोरांत रोहिडा आणि रायरेश्वर. शिवकालाच्या प्रारंभींचा इतिहास ज्या भूमीवर घडला, ती हीच भूमि. आज या मुलखांतील घरांतूनहि संगणक येऊन बसला आहे. सात-बाराचा उतारा त्यावर निघतो, मुलांचे प्रवेश-अर्ज त्यावर भरले जातात, बँकेंतील शिल्लक त्यावर पाहिली जाते. आणि वर्षांतून एकदां त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यांत एक सूचना उमटते: आपल्या संरक्षणाची मुदत संपत आली आहे, पैसे भरून ती वाढवून घ्यावी. घरांतील वडील माणूस ती दोनदां वाचतो आणि विचारांत पडतो. पुण्यास नोकरी करणारा मुलगा फोनवर सांगतो, "कांहीं नको, हल्लीं फुकट मिळतें." शेजारी सांगतात, "देऊन टाका, उगाच धोका कशाला?" दोघांपैकीं कोणाचें ऐकावें? वरवर पाहतां हा प्रश्न हजार-बाराशें रुपयांचा आहे. परंतु ज्या यंत्रांतून आयुष्यभराच्या पुंजीकडे वाट जाते, त्या यंत्राच्या बाबतींत तो तेवढाच राहत नाहीं.

हा प्रश्न नव्या यंत्राचा असला तरी मूळचा जुनाच आहे. पहारा कोणी करावा, त्याचें वेतन कोणीं द्यावें, आणि पहारेकरी ठेवला म्हणजे आपलें काम संपलें काय? या प्रश्नांचा विचार याच डोंगरांवर साडेतीनशें वर्षांपूर्वीं फार बारकाईनें झालेला आहे.

राजगड हा सुमारें पंचवीस वर्षें स्वराज्याच्या राजधानीचा गड. त्याची रचना पाहिली म्हणजे तो बांधणाऱ्यांनीं एका भिंतीवर भरंवसा ठेवला नव्हता, हें तत्काळ ध्यानांत येतें. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या, आणि त्या सर्वांच्या मध्यें उंच उभा असलेला स्वतंत्र बालेकिल्ला. पाली दरवाज्यानें आंत शिरावें तर एकामागें एक असे दोन दरवाजे. संजीवनी माचीला दुहेरी तटबंदी. बाहेरचा तट पडला तरी आंतला उभा राहावा, एक माची शत्रूच्या हातीं गेली तरी बालेकिल्ला लढता राहावा, असा हा हिशेब होता.

परंतु दगडाच्या भिंतीपेक्षां अधिक विचार झाला तो माणसांचा. कृष्णाजी अनंत सभासद यांच्या बखरींत गडावरील व्यवस्थेचें जें वर्णन आहे, त्यांत हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे अधिकारी बरोबरीच्या दर्जाचे सांगितले आहेत. तिघांनीं मिळून कारभार करावयाचा. एकाच्या मनांत पाप आलें तरी दुसरे दोघे सावध असावेत, म्हणजे गड एका माणसाच्या लहरीनें किंवा लोभानें शत्रूच्या हातीं जाणार नाहीं. त्याशिवाय गडाच्या घेऱ्यांत रामोशी, महार, मांग, बेरड इत्यादि लोकांच्या चौक्या असत. रानांतील प्रत्येक वाट त्यांच्या पायाखालची. नवखा माणूस दिसला कीं त्याची वर्दी आधीं गडावर पोहोंचे. या सर्वांच्या निर्वाहाची सोय राज्याकडून केलेली होती. कारण पहारेकऱ्याचें पोट आपण भरलें नाहीं तर तें भरावयास दुसरा कोणी तरी पुढें येतो, हें त्या काळच्या राज्यकर्त्यांस पक्कें ठाऊक होतें.

पुढें हें खरें ठरलेंहि. १६९९ पासून औरंगजेब स्वतः किल्ले घेण्यास बाहेर पडला. त्याच्या फौजेस वर्षानुवर्षें खपून जें साधेना, तें कित्येक ठिकाणीं द्रव्यानें साधलें. १७०३ सालीं सिंहगड त्याच्या हातीं गेला तो किल्लेदारास पैसे देऊन. १७०४ सालीं राजगड पडला, आणि त्याच वर्षीं तोरणाहि. मात्र तोरण्याविषयीं इतिहासकार असें नमूद करितात कीं, तो मोगलांनीं लांच देऊन घेतला नाहीं. रात्रीच्या अंधारांत दोरावरून चढून, लढून घेतला. हा अपवाद मुद्दाम लिहून ठेवावा लागला, यांतच सारें आलें. बहुतेक गड तटावरून चढून घेतले गेले नाहींत. ते आंतून उघडले गेले. पुढें ज्या भोर संस्थानचें राज्य या मुलखावर १९४८ पर्यंत चाललें, त्याचे मूळ पुरुष शंकराजी नारायण सचिव यांचा काळ तो हाच. गेलेले गड परत मिळविण्यांत त्यांच्या पिढीची हयात गेली.

आतां या गडावरून उतरून संगणकाकडे वळावें. संगणकाचा विषाणु म्हणजे सजीव जंतु नव्हे. ती माणसानेंच लिहिलेली एक आज्ञावली असते. ती दुसऱ्या आज्ञावलीस किंवा तबकडीस चिकटते, स्वतःच्या प्रती काढते आणि धन्याच्या नकळत आपलें काम करिते. १९७१ सालीं अमेरिकेंतील एका संशोधन-संस्थेंत 'क्रीपर' नांवाची आज्ञावली एका संगणकावरून दुसऱ्यावर सरकत जाऊं लागली, आणि लौकरच तिला शोधून पुसून टाकणारी 'रीपर' नांवाची दुसरी आज्ञावली निघाली. चोर आणि पहारेकरी असे जवळजवळ बरोबरच जन्मास आले. घरगुती संगणकावरील पहिला विषाणु मात्र आपल्या शेजारचा. १९८६ सालीं लाहोर येथील बासित व अमजद फारूख अल्वी या बंधूंनीं 'ब्रेन' नांवाची आज्ञावली लिहिली. आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती काढणाऱ्यांस धडा मिळावा, हा आपला हेतु असल्याचें त्यांनीं सांगितलें. त्या आज्ञावलींत त्यांनीं आपलें नांव, पत्ता आणि टेलिफोन नंबरहि घातला होता. त्या काळच्या फ्लॉपी तबकड्यांबरोबर ती देशोदेशीं पोहोंचली.

लाहोरच्या दोघां बंधूंची गोष्ट येथें सांगितली, त्याला पुण्याच्या दोघां बंधूंच्या गोष्टीची जोड आहे. मूळचे सातारा जिल्ह्यांतील कैलास काटकर हे दहावीनंतर शाळा सोडून पुण्यांत कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामास लागले. पुढें त्यांनीं स्वतःचें लहानसें दुकान थाटलें. १९९० नंतर दुरुस्तीस संगणक येऊं लागले, आणि असें दिसून आलें कीं पुष्कळशा यंत्रांचा बिघाड तारांत नसून विषाणूंत आहे. त्यांचे धाकटे बंधु संजय हे त्या सुमारास मॉडर्न कॉलेजांत संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनीं हे विषाणु काढून टाकणाऱ्या लहान लहान आज्ञावली लिहिल्या. दुकानांत त्या उपयोगी पडल्या, गिऱ्हाइकें त्या मागूं लागलीं, आणि १९९५ च्या सुमारास त्यांतूनच 'क्विक हील' हें विकत मिळणारें अँटिव्हायरस तयार झालें. २००७ सालीं त्यांच्या मूळच्या सी.ए.टी. कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीस हेंच नांव मिळालें, आणि २०१६ सालीं तिचे भाग शेअरबाजारांत आले. दुरुस्तीच्या टेबलावर जन्मलेला हा धंदा होता. म्हणून त्याचा मोठा आधार गांवोगांवचे संगणक-दुरुस्ती करणारे दुकानदार हाच राहिला.

अँटिव्हायरस एकदां विकत घेतलें तर दरवर्षीं पुन्हां पैसे कां, असें पुष्कळांस वाटतें. त्याचें उत्तर त्याच्या कामाच्या पद्धतींत आहे. गडाच्या दरवाज्यावरील पहारेकऱ्यापाशीं संशयितांच्या वर्णनांची यादी असावी, तशी या आज्ञावलीपाशीं विषाणूंच्या खुणांची यादी असते. आंत येणारी प्रत्येक फाइल ती त्या खुणांशीं ताडून पाहते. नवा चोर निघाला कीं यादींत भर घालावी लागते. आणि नवे चोर तर रोजच निघतात. पूर्वीं ही भर फ्लॉपीवरून किंवा सीडीवरून पोहोंचे, आतां ती इंटरनेटवरून तासातासाला येते. शिवाय खूण ठाऊक नसलेला पाहुणाहि कसा वागतो, कुलपें चांचपतो काय, हें पाहण्याची विद्याहि आतां या पहारेकऱ्यास शिकविलेली असते. ही यादी करणारीं माणसें आहेत, आणि त्यांस महिन्याचा पगार द्यावा लागतो. वर्षाची वर्गणी ती याचसाठीं.

परंतु पहारेकऱ्याच्या धंद्यास भीति ही फार लाभदायक असते, हेंहि विसरतां येत नाहीं. १९९२ सालीं 'मायकेलअँजेलो' नांवाचा विषाणु ६ मार्च रोजीं जागा होऊन संगणकांतील माहिती नष्ट करणार, अशी जगभर हाकाटी झाली. अमेरिकेंतील जॉन मॅकॅफी यांनीं पन्नास लाखांपर्यंत यंत्रें बिघडतील असें भाकीत केल्याचें वृत्तपत्रांनीं छापलें. स्वतः मॅकॅफी १९८७ पासून याच धंद्यांत होते. तो दिवस उजाडला आणि मावळला. बिघडलेल्या यंत्रांची संख्या हजारांच्या घरांतच राहिली. पण दरम्यान अँटिव्हायरसची विक्री मात्र जोरांत झाली. धोका खोटा नव्हता, त्याचें माप खोटें होतें.

तथापि त्या काळीं पैसे देणेंच शहाणपणाचें होतें, कारण संगणक पहाऱ्याशिवाय येत असे. ही स्थिति पुढें बदलली. २००९ सालीं मायक्रोसॉफ्टनें आपलें 'सिक्युरिटी इसेन्शियल्स' विनामूल्य दिलें, आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून 'डिफेंडर' हा पहारेकरी यंत्राबरोबरच येऊं लागला. प्रारंभीं तो कच्चा होता. पण ऑस्ट्रियांतील एव्ही-कंपॅरेटिव्हज आणि जर्मनींतील एव्ही-टेस्ट या परीक्षा घेणाऱ्या संस्थांच्या अलीकडच्या निकालांत तो विकत मिळणाऱ्यांच्या पंक्तीस बसतो. भारत सरकारनेंहि २०१७ सालीं 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू करून विषाणु काढून टाकण्याचीं साधनें फुकट दिलीं, आणि त्यांतील एक साधन पुण्याच्या याच कंपनीकडून आलेलें आहे. तेव्हां पुण्याहून बोलणाऱ्या मुलाचें म्हणणें अगदींच वावगें नाहीं.

मात्र प्रत्येक फुकट पहारा सारखा नसतो. ज्याचें वेतन घरधनी देत नाहीं, त्याचें वेतन येतें कोठून, हें पाहिलें पाहिजे. मायक्रोसॉफ्टला तें विंडोजच्या किंमतींतून मिळतें. पण अवास्ट या झेक कंपनीचें उदाहरण निराळें आहे. तिचें अँटिव्हायरस जगांतील कोट्यवधि लोक फुकट वापरीत. ते इंटरनेटवर कोठें कोठें फिरतात याची माहिती तिची जम्पशॉट नांवाची उपकंपनी इतरांस विकीत असे. हें २०२० च्या जानेवारींत उघडकीस आलें, आणि ती उपकंपनी बंद करावी लागली. २०२४ सालीं अमेरिकेच्या व्यापार-आयोगानें या प्रकरणीं कंपनीस एक कोटि पासष्ट लाख डॉलर भरावयास लाविले. कुंपणानें शेत खावें तसाच हा प्रकार. पहारेकऱ्याचें पोट आपण भरलें नाहीं तर दुसरा भरतो, हा गडावरील अनुभव येथेंहि आला.

मग पैसे देऊन ठेवलेला पहारेकरी तरी निर्दोष असतो काय? १९ जुलै २०२४ या दिवसाचें उदाहरण ताजें आहे. क्राउडस्ट्राइक या मोठमोठ्या कंपन्यांस संरक्षण विकणाऱ्या संस्थेनें एक सदोष सुधारणा पाठविली आणि जगांतील सुमारें पंच्याऐंशीं लाख विंडोज यंत्रें एकदम बंद पडलीं. आपल्याकडील विमानतळांवर प्रवाशांस हातानें लिहिलेले पास द्यावे लागले. चोर आलाच नव्हता. पहारेकरीच दारांत आडवा पडला होता. वेतन दिल्यानें पहारा मिळतो, अभय मिळत नाहीं.

येथें हिरकणीच्या आख्यायिकेची आठवण होते. राजगडाहून राजधानी रायगडावर गेल्यानंतरची ही गोष्ट. गडाचे दरवाजे सायंकाळीं बंद झाले असतां, घरीं तान्हें मूल असलेली ही गवळण अवघड कड्यावरून खालीं उतरून गेली. महाराजांनीं तिचा गौरव केला, आणि जेथून ती उतरली तेथें बुरूज बांधविला, असें सांगतात. आख्यायिकेंतला विचार असा कीं, ज्या वाटेनें एक आई उतरूं शकते त्या वाटेनें शत्रु चढूं शकतो. तटांतील उणीव कळली कीं ती त्याच हंगामांत बुजविली पाहिजे. संगणकांतील 'अपडेट' म्हणजे हाच बुरूज. १४ मार्च २०१७ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोजमधील एक उणीव बुजविणारी सुधारणा प्रसिद्ध केली. १२ मे रोजीं 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर विषाणु त्याच वाटेनें सुमारें दीडशें देशांत शिरला. मधल्या दोन महिन्यांत ज्यांनीं ती सुधारणा घेतली ते वांचले. ज्यांनीं "मग पाहूं" म्हटलें, त्यांच्या फाइलींस कुलूप बसलें. त्यानंतर सुमारें दीड महिन्यानें तशाच एका विषाणूनें मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरांतील एका धक्क्याचें काम बंद पाडलें. ही सुधारणा विनामूल्य होती, हें विशेष ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आणि जी गोष्ट औरंगजेबानें जाणली होती, ती आजचे चोरहि जाणतात. तट फोडण्यापेक्षां दरवाजा उघडवून घेणें स्वस्त पडतें. ऑगस्ट २०१८ मध्यें पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर दरोडा पडला. ११ आणि १३ तारखेस मिळून ९४ कोटि ४२ लाख रुपये गेले. बनावट कार्डांनीं अठ्ठावीस देशांतील यंत्रांतून पैसे काढण्यांत आले. त्यासाठीं कोणीहि बँकेच्या दारावर हातोडा घातला नाहीं; बँकेच्या यंत्रणेंत आधींच शिरकाव करून घेण्यांत आला होता. घरगुती माणसाच्या बाबतींत तर एवढ्याहि खटाटोपाची जरूरी नसते. लग्नपत्रिका म्हणून किंवा वाहनाच्या दंडाची पावती म्हणून मोबाईलवर एपीके फाइल येते आणि ती उघडली जाते. पोलीस असल्याची बतावणी करून कोणी 'डिजिटल अटक' झाल्याचें सांगतो आणि घाबरलेला वृद्ध गृहस्थ स्वतःच्या हातानें पैसे पाठवितो. ओटीपी विचारला जातो आणि सांगितला जातो. पहारेकरी फुकटचा असो वा पगारी असो, धन्यानेंच आंतून अडसर काढला तर तो काय करणार?

तर मग भोर-वेल्ह्यांतील त्या घरानें काय करावें? पहिला विचार पैशाचा नव्हे, यंत्राच्या वयाचा करावा. विंडोज १० ची नेहमींची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. ज्या तटाची डागडुजी थांबली, त्यावर महागडा पहारेकरी उभा करून फारसें साधत नाहीं. तेथें खर्च करावयाचा तर नव्या व्यवस्थेवर करावा. चोरट्या प्रतीचें विंडोज, किंवा कुलूप मोडून फुकट मिळविलेलें अँटिव्हायरस वापरणें म्हणजे चोराच्या हातीं जामदारखान्याच्या किल्ल्या देणें होय. यंत्र नवें, सुधारणा वेळेवर घेतलेल्या, वापरणारीं माणसें दोन-तीन आणि सावध, असें घर असेल तर यंत्राबरोबर आलेला पहारा पुरेसा आहे. वांचलेल्या पैशांत बाहेरची एक हार्ड डिस्क घ्यावी आणि कागदपत्रें, छायाचित्रें तिच्यावर उतरून ती यंत्रापासून वेगळी ठेवावी. गडावर एकच कोठार भरून ठेवणें कोणी शहाणपणाचें मानलें नसतें.

उलटपक्षीं जेथें एका यंत्रावर सारा गांव येतो, तेथें पगारी पहारा अवश्य ठेवावा. सेवा केंद्र, झेरॉक्सचें दुकान, संगणक-वर्ग, दवाखाना या ठिकाणीं दिवसाला दहा जणांचे पेन ड्राइव्ह लागतात आणि दहा जणांचीं आधार कार्डें हाताळलीं जातात. तेथें हजार-बाराशें रुपये हा खर्च नव्हे, दुसऱ्यांच्या ठेवीची जबाबदारी आहे. तसेंच ज्या घरांत लहान मुलें एकटींच संगणकावर बसतात, किंवा बिघाड झाला असतां मराठींत फोनवर समजावून सांगणारा कोणी हवा आहे, त्या घरानेंहि पैसे दिल्यास ते वायां गेले असें म्हणतां येणार नाहीं. यंत्राबरोबर फुकट आलेला पहारेकरी सहसा फोन उचलीत नाहीं.

राहिली ती पडद्याच्या कोपऱ्यांतील सूचना. ती सूचना खऱ्या पहारेकऱ्याची आहे कीं त्याचा वेष घेतलेल्या चोराची, हें आधीं पाहावें. मुदत संपल्याचें खोटें भय घालून कार्डाचा नंबर काढून घेण्याचा धंदाहि जोरांत चालतो. म्हणून पैसे भरावयाचे ठरलें तरी ते त्या सूचनेवर बोट ठेवून भरूं नयेत. ओळखीच्या दुकानांत जाऊन, किंवा कंपनीचें संकेतस्थळ स्वतः उघडून भरावेत. बँकेच्या खात्यास पासवर्डाशिवाय दुसरी खात्रीहि लावून ठेवावी. गडावरील तीन अधिकाऱ्यांचें तत्त्व तें हेंच. आणि फसगत झालीच, तर लाजेनें गप्प न बसतां त्याच घटकेस १९३० या क्रमांकावर कळवावें. वर्दी जितकी लौकर, तितका पैसा वाटेंत अडविला जाण्याचा संभव अधिक.

राजगडाच्या पाली दरवाज्यांतून आजहि शेंकडों लोक चढून जातात. दरवाजे उघडेच आहेत, आणि पहाऱ्यावर कोणी नाहीं. पण त्या दुहेरी दरवाज्यांपुढें क्षणभर थांबलें असतां एक गोष्ट मनांत येतेच. हा गड बांधणाऱ्यांनीं पहारेकऱ्यास वेतन दिलें, परंतु वेतन दिलें म्हणून झोंप घेतली नाहीं.